कपाची मापे ग्रॅममध्ये बदलताना नेमका कोणता आकडा धरावा?

ओंजळ:

केक, बिस्किटे आणि पाव यांच्या बऱ्याच कृती मी निरनिराळ्या ठिकाणांहून उतरवून एका वहीत साठवल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक कृतींत सगळे साहित्य कपाने आणि चमच्याने सांगितलेले आहे. आता हाताशी वजनकाटा असल्यामुळे ही वही एकदाच नीट बसून ग्रॅममध्ये बदलावी, म्हणजे एकाच भांड्यात एकामागून एक जिन्नस मोजता येतील आणि तेला-मधाने बरबटलेले कप धुण्याचे कामही वाचेल, असा माझा विचार आहे.

मात्र हे काम वाटले तितके सरळ नाही. एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम, हे पाहण्यासाठी मी निरनिराळी कोष्टके उघडली, तर त्यांत 120, 125, 140 आणि 150 असे वेगवेगळे आकडे निघाले. साखरेच्या बाबतीत मात्र सगळीकडे 200 च्या आसपासचाच आकडा आहे आणि बटरच्या बाबतीत 227 वर जवळजवळ एकमत आहे. पाण्याचा कप कुठे 237 ग्रॅम, कुठे 240, तर कुठे 250 ग्रॅम धरलेला आहे. मैद्याच्या 120 आणि 150 या आकड्यांचा फरक तीन कप मैद्याच्या कृतीत 90 ग्रॅमांवर जातो, आणि एवढ्या फरकाने पीठ सैल होणार की घट्ट हे ठरते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. मैद्यासाठी यांपैकी कोणता आकडा बरोबर मानावा, आणि साखरेवर एकमत असताना मैद्यावरच एवढा मतभेद का असावा? कपाचे ग्रॅम करणारा एखादा ठरावीक गुणक आहे का, की प्रत्येक जिनसाचा आकडा वेगळा पाठ करावा लागतो? आणि टीस्पूनने सांगितलेले मीठ, बेकिंग पावडर, खाण्याचा सोडा यांसारखे जिन्नसही ग्रॅममध्ये बदलावेत का? माझा काटा एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो.

काटेकोर:

तुम्ही पाहिलेल्या कोष्टकांपैकी एकही चुकीचे असेलच असे नाही. प्रत्येकाने कप वेगळ्या पद्धतीने भरलेला आहे आणि तो कसा भरला हे सांगण्याची तसदी बहुतेकांनी घेतलेली नाही, म्हणून ती एकमेकांना खोडताना दिसतात.

कप जागा मोजतो आणि काटा वजन. या दोहोंना जोडणारी गोष्ट म्हणजे घनता. द्रव पदार्थांची घनता जवळजवळ ठरलेली असते. ती पाण्याची एका मिलिलिटरला एक ग्रॅम, दुधाची सुमारे 1.03, खाद्यतेलाची सुमारे 0.92 आणि मधाची सुमारे 1.42 ग्रॅम आहे. म्हणून 237 मिलिलिटरच्या कपात पाणी 237 ग्रॅम, दूध 244 ग्रॅम, तेल 218 ग्रॅम आणि मध 335 ते 340 ग्रॅम बसतो. सर्वांसाठी एकच गुणक का चालत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे, कारण तेल आणि मध हे दोन्ही द्रव असूनही एकाच कपात त्यांच्या वजनांत सव्वाशे ग्रॅमांच्या आसपास फरक पडतो. मात्र ज्याचा-त्याचा आकडा स्थिर असल्यामुळे द्रवांच्या बाबतीत फारसा वाद होत नाही.

कोरड्या जिनसांचे गणित वेगळे आहे, कारण कपात जिनसाबरोबर हवाही मावलेली असते. साखरेच्या अखंड स्फटिकाची घनता सुमारे 1.59 आहे. कपात फटी राहिल्याच नसत्या तर त्यात 375 ग्रॅमांच्या आसपास साखर बसली असती. प्रत्यक्षात ती 200 ग्रॅम बसते, म्हणजे शिगोशीग दिसणाऱ्या साखरेच्या कपातला जवळजवळ अर्धा भाग हवेचाच असतो. परंतु साखरेचे दाणे टणक असतात, ते एकमेकांवरून घसरून लगेच जागा धरतात आणि वरून दाबल्याने फारसे आत जात नाहीत. त्यामुळे कप कसाही भरला तरी वजन फार हलत नाही, आणि कोष्टकांत एकमत दिसते ते याच कारणाने. मैद्याचे कण बारीक, ओबडधोबड आणि एकमेकांना चिकटून राहणारे असतात. ते आपल्यामध्ये भरपूर हवा धरून ठेवतात आणि थोडा दाब किंवा हादरा मिळताच ती सोडून देतात. चाळून हलक्या हाताने भरलेला कप सुमारे 115 ग्रॅमांचा होतो. चमच्याने मैदा कपात सोडून सुरीच्या पाठीने शीग पुसली तर तो 120 ते 125 ग्रॅमांचा होतो, आणि कपच डब्यात खुपसून भरून काढला तर 140 ते 150 ग्रॅमांपर्यंत जातो. कप ओट्यावर आपटत भरला तर त्याहूनही जास्त बसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या माहितीसंग्रहात एका कपाला 125 ग्रॅम हा आकडा आहे आणि अनेक कोष्टके त्याच्याच आसपास फिरतात. तुम्हाला एकच आकडा हवा असेल तर 125 धरावा, पण तो आपल्या वहीतल्या प्रत्येक कृतीच्या लेखकाचा आकडा आहे असे मात्र समजू नये.

दुसरा घोळ कपाच्या आकाराचा आहे. अमेरिकेतला रूढ कप 236.6 मिलिलिटरचा आहे, आणि तिथल्याच पोषणमूल्यांच्या लेबलांसाठी तो 240 मिलिलिटर धरतात. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये कप 250 मिलिलिटरचा असतो, तर जपानी पाककृतींतला कप 200 मिलिलिटरचा असतो. तांदूळ शिजवण्याच्या विजेच्या भांड्याबरोबर मिळणारा छोटा कप तर 180 मिलिलिटरचाच असतो. जुन्या ब्रिटिश लेखनात अर्ध्या पाइंटाचा म्हणजे 284 मिलिलिटरचा कपही भेटतो. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15 मिलिलिटरचा असला तरी ऑस्ट्रेलियात तो 20 मिलिलिटरचा असतो. तिथल्या कृतीतला एक टेबलस्पून बेकिंग पावडर म्हणजे तीन नव्हे, तर चार टीस्पून होते.

हे सगळे वाचून धास्ती वाटत असेल तर त्यात एक दिलासाही आहे. एखाद्या कृतीत सगळेच साहित्य कपाने दिलेले असेल तर कप 237 चा की 250 चा याने प्रमाण बदलत नाही, पदार्थ तेवढा थोडा कमी किंवा जास्त होतो. अडचण येते ती कपाच्या जोडीला अंडी, यीस्टचे पाकीट, ठरावीक आकाराचा साचा अशा न बदलणाऱ्या गोष्टी असतात तेव्हा. कप भरण्याच्या पद्धतीचे मात्र असे नाही. तिच्यामुळे मैद्याचे आणि कोकोचे वजन बदलते, पाण्याचे, दुधाचे किंवा बटरचे बदलत नाही, म्हणजे कृतीतले प्रमाणच हलते. म्हणून माझ्या मते कपाचा आकार शोधण्यापेक्षा लेखकाने कप कसा भरला हे शोधण्यात अधिक वेळ घालवणे शहाणपणाचे आहे.

ते शोधायचे कसे? लेखकाने पद्धत सांगितली असेल तर प्रश्नच मिटला. सांगितली नसेल तर कृतीतूनच ती पुष्कळदा उलगडते. समजा, एका पावाच्या कृतीत तीन कप मैदा आणि सव्वा कप पाणी आहे. पाणी 296 ग्रॅम झाले, त्यात शंका नाही. मैदा 120 च्या हिशेबाने 360 ग्रॅम धरला तर पाण्याचे मैद्याशी प्रमाण 82 टक्के होते, आणि 150 च्या हिशेबाने 450 ग्रॅम धरला तर ते 66 टक्के होते. ही दोन अगदी निराळी पिठे आहेत. 82 टक्क्यांचे पीठ ताटात पसरते, हाताला चिकटते आणि ते भांड्यातच घड्या घालून हाताळावे लागते. 66 टक्क्यांचे पीठ ओट्यावर घेऊन मळता येते आणि त्याचा गुळगुळीत गोळा होतो. आता कृती पुढे वाचावी. "ओट्यावर दहा मिनिटे मळून गोळा करा" असे लिहिले असेल तर लेखकाचा कप जड होता, 140 ते 150 च्या घरातला होता. पीठ ओतावे लागेल असे वर्णन असेल तर तो हलका होता. आणि "लागेल तसा आणखी मैदा घाला" असे वाक्य असेल, तर लेखकाचाही स्वतःच्या कपावर पुरता विश्वास नव्हता, हे गृहीत धरून आपण दोहोंच्या मधला आकडा घ्यावा आणि पिठाकडे पाहून पुढे जावे.

कृतीत एखाद्या जिनसाचे माप दोन्ही पद्धतींनी दिलेले असेल तर तो दुवा सोन्यासारखा मानावा. "1 कप (250 मिलिलिटर) दूध" एवढे जरी कुठे सापडले, तरी कपाचा आकार कळला. एका कपाला 227 ग्रॅम बटर दिसले तर तो 237 मिलिलिटरचा अमेरिकी कप आहे, हेही बहुतेक निश्चित होते.

एक सावधगिरी औंसांच्या बाबतीत बाळगावी. द्रवाचा औंस हे आकारमानाचे माप आहे आणि नुसता औंस हे वजनाचे, 28.35 ग्रॅमांचे. अमेरिकी कप आठ द्रव-औंसांचा असतो म्हणून "8 औंस मैदा" हा एक कप समजला जातो, पण वजनाचे 8 औंस म्हणजे 227 ग्रॅम, जवळजवळ पावणेदोन ते दोन कप मैदा. कोरड्या जिनसापुढे औंस लिहिलेले असतील तर ते वजनच धरावे.

तोळामासा:

काटेकोर यांनी कोष्टकांचा भाग विस्ताराने मांडला आहे, त्यामुळे मी काटा आणि चमचे यांच्यापुरतेच लिहितो.

सर्वांत आधी आपल्याकडचे कप आणि चमचे खरोखर किती मापाचे आहेत, हे तपासून घ्यावे. त्यासाठी वेगळे काही लागत नाही. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, कप पाण्याने काठोकाठ भरावा आणि वजन वाचावे. जितके ग्रॅम तितकेच मिलिलिटर, एवढे ते सोपे आहे. साध्या तापमानाला पाण्याची घनता 0.998 असते, म्हणून होणारी चूक अर्ध्या ग्रॅमाच्या आसपासची असते आणि ती सोडून देण्याजोगी आहे. उकळते पाणी मात्र यासाठी घेऊ नये, कारण त्याची घनता 0.96 च्या आसपास उतरते. अशा तपासणीत संचातला कप छापलेल्या मापापेक्षा बराच लहान किंवा मोठा निघणे हे काही नवलाचे नाही, विशेषतः कप नक्षीदार आणि माप काठापर्यंत की आतल्या रेघेपर्यंत हे स्पष्ट नसेल तर.

चमच्यांसाठी औषधाची सुई नसलेली पिचकारी घ्यावी. तिच्यावरच्या रेघा बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात. टीस्पून 5 मिलिलिटरचा आहे की नाही, हे तिने लगेच कळते. हीच पिचकारी उलट्या बाजूनेही कामी येते. काट्यावर वाटी ठेवून तिच्यात मोजून 10 मिलिलिटर पाणी सोडले आणि काट्याने 10 ग्रॅम दाखवले, तर लहान वजनांना काटा ठीक आहे असे समजावे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर पडद्यावर 4 दिसते तेव्हा खरे वजन साडेतीन ते साडेचार ग्रॅमांच्या दरम्यान कुठेही असू शकते. 400 ग्रॅम मैद्यात अर्ध्या ग्रॅमाला काहीच अर्थ नाही, पण एक टीस्पून बेकिंग पावडर 4 ते 5 ग्रॅमांचीच असते आणि तिथे तोच अर्धा ग्रॅम आठव्या हिश्श्याइतका होतो. त्यातच अनेक घरगुती काट्यांमध्ये शून्य स्थिर ठेवणारी सोय असते. जिन्नस अगदी चिमटीचिमटीने टाकला तर काटा ती हळूहळू होणारी वाढ आपली स्वतःची हालचाल समजून पुसून टाकतो, आणि भांड्यात दोन-तीन ग्रॅम पडूनही पडद्यावर शून्यच राहते. हा दोष नव्हे, काट्याची घडणच तशी असते. तिच्यावरचा एक चांगला उपाय असा, की जिनसाचा डबाच काट्यावर ठेवून शून्य करावे आणि त्यातून चमच्याने जिन्नस काढावा. जेवढे काढले तेवढे पडद्यावर उणे वजन दिसते. मोठे वजन आधीच काट्यावर असल्यामुळे आणि उचलणे एकदम होत असल्यामुळे ही वाचने अधिक खात्रीची असतात. मध, तूप, शेंगदाण्याचे किंवा बदामाचे लोणी अशा चिकट वस्तूंसाठीही हीच पद्धत सोयीची पडते, कारण चमच्याला काय चिकटून राहिले याचा हिशेब आपोआप धरला जातो.

मीठ हा मात्र असा एक जिन्नस आहे की जो शक्य असेल तिथे वजनानेच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. बारीक, घट्ट बसणाऱ्या साध्या मिठाचा एक टीस्पून सुमारे 6 ग्रॅमांचा असतो. पापुद्र्यांसारख्या पोकळ स्फटिकांचे मीठ त्याच चमच्यात 3 ग्रॅमच बसू शकते. रसायन तेच आणि खारटपणाही वजनाला तोच, फक्त चमच्यातली हवा वेगळी. "एक कप मीठ" घालून भाज्या मुरवण्याचे खारे पाणी करणाऱ्या कृतीत हा फरक दीडशे ग्रॅमांच्या आसपास जातो, आणि पदार्थ तोंडात घालवत नाही. कृतीच्या लेखकाने मिठाचा प्रकार सांगितला नसेल तर आधी कमी अंदाज धरावा, कारण मीठ नंतर वाढवता येते.

काट्यावरच्या "मिलिलिटर" या बटणाबद्दलही सांगितले पाहिजे. ते बटण दाबल्याने काटा आकारमान मोजू लागत नाही. तो वजनच घेतो आणि पदार्थ पाणी आहे (काही काट्यांत दूध आहे) असे मानून आकडा दाखवतो. त्यावर 200 मिलिलिटर तेल मोजले तर प्रत्यक्षात 217 मिलिलिटरच्या आसपास तेल पडते.

निवांत:

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. सगळी वही ग्रॅममध्ये बदलण्याची गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

ज्या पदार्थात मैदा, साखर, स्निग्धांश आणि पाणी यांच्या प्रमाणावर पदार्थाचा आकार उभा राहतो, तिथे वजनाला पर्याय नाही. केक, पाव, बिस्किटे आणि सगळ्या प्रकारची भट्टीत भाजायची कामे या वर्गात येतात. पण रस्सा, सूप, कोशिंबीर, चटणी अशा ठिकाणी "एक कप चिरलेला कांदा" हे माप मुळातच ढोबळ असते आणि ते 160 ग्रॅम असे लिहिल्याने अधिक खरे होत नाही. कांदा किती पाणीदार आहे, मसाला किती ताजा आहे, या गोष्टी त्याहून मोठा फरक पाडतात. ज्या कृतीत शेवटी चव घेऊन मीठ-आंबट जुळवायचेच आहे, ती कृती कपातच राहू द्यावी, असे माझे मत आहे.

दुसरे असे की रूपांतर करताना आकडे उगाच काटेकोर करू नयेत. पाऊण कप साखर म्हणजे 148.5 ग्रॅम असे कोष्टक सांगते, पण मूळ लेखकाने कप भरताना पाच ग्रॅमांची तरी सूट घेतलेली असणारच, म्हणून 150 लिहावे. मोठ्या प्रमाणातले जिन्नस जवळच्या पाच ग्रॅमांपर्यंत पूर्ण करावेत. टीस्पूनने येणारे जिन्नस मात्र चमच्यातच ठेवावेत, निदान 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेईपर्यंत तरी. पाव टीस्पून सोडा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम, आणि तो मोजण्यासाठी एक ग्रॅमचा काटा वापरण्यापेक्षा सपाट पुसलेला चमचा नक्कीच बरा.

ओंजळ:

सर्वांचे मनापासून आभार. पावाच्या प्रमाणातून लेखकाचा कप ओळखण्याची युक्ती मला फारच उपयोगी वाटली. निवांत यांचे म्हणणे पटले, त्यामुळे मी फक्त भट्टीत भाजायच्या कृतीच बदलणार आहे आणि बेकिंग पावडर, सोडा, यीस्ट चमच्यातच ठेवणार आहे.

दोन-तीन गोष्टी अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. काही कृतींत "एक कप मैदा चाळून घ्यावा" असे आहे आणि काहींत "एक कप चाळलेला मैदा" असे आहे, तर यांत फरक करावा का? बदामासारखा सुका मेवा कपाने दिलेला असतो तेव्हा त्याचे वजन कसे ठरवावे? आणि ब्राऊन शुगरच्या कोष्टकांत तर मैद्याहूनही मोठी तफावत आहे. शिवाय अर्धी कृती करायची असली की अंड्याचे काय करावे, हा प्रश्न वजनाच्या पद्धतीने सुटतो का?

काटेकोर:

चाळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. "एक कप मैदा चाळून घ्यावा" यात आधी मोजायचे आणि मग चाळायचे आहे, म्हणून 125 ग्रॅम धरावेत. "एक कप चाळलेला मैदा" यात आधी चाळायचे आणि मग मोजायचे आहे, म्हणून 115 ग्रॅम. अर्थात उतरवून घेताना शब्द मागेपुढे झाले असण्याची शक्यता असते, आणि तसे वाटले तर पिठाचे वर्णन पाहून ठरवावे. वजन लिहून ठेवले की हा प्रश्नच उरत नाही, कारण 125 ग्रॅम मैदा चाळल्यानेही 125 ग्रॅमच राहतो. पिठीसाखरेलाही हेच लागू होते. न चाळलेला कप सुमारे 120 आणि चाळलेला सुमारे 100 ग्रॅमांचा असतो.

सुक्या मेव्याचेही तेच, पण तिथे तफावत अधिक आहे. अख्ख्या बदामांचा कप सुमारे 143 ग्रॅमांचा असतो, उभ्या कापांचा 108 आणि पातळ चकत्यांचा 92 ग्रॅमांचा. बदामाची पूड दिसायला भरीव असली तरी कपाला 95 ग्रॅमच भरते. म्हणून "एक कप बदाम, चिरून" आणि "एक कप चिरलेले बदाम" या दोन सूचनांत दोन वेगळी वजने दडलेली असतात.

ब्राऊन शुगर ओलसर असते आणि तिचे दाणे एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ती साखरेच्या वर्गात न बसता मैद्याच्या वर्गात जाऊन बसते. सैल भरलेला कप 145 ग्रॅमांचा, तर दाबून भरलेला 220 ग्रॅमांचा होतो. बहुतेक कृतींत दाबूनच भरणे अपेक्षित असते आणि ते स्पष्ट लिहिलेलेही असते, त्यामुळे काही सांगितलेले नसल्यास 220 धरावेत. बाकी नेहमी लागणारे आकडे 237 मिलिलिटरच्या कपाला असे आहेत. कोको सुमारे 85 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 128, ओट्स 80 ते 90 आणि कोरडा लांब तांदूळ 185 ग्रॅम. कोको मैद्यासारखाच दबतो, म्हणून त्याच्या बाबतीत डब्यात कप खुपसणाऱ्या लेखकाला दहा-पंधरा ग्रॅम वाढवून द्यावेत.

वहीत नवीन आकडा लिहिताना जुने कपाचे माप खोडू नये, ते बाजूला कंसात राहू द्यावे आणि मैद्यासाठी कोणता आकडा धरला तेही तिथेच टिपून ठेवावे. पहिल्यांदा करून पाहिल्यावर पीठ सैल वाटले तर पुढच्या वेळी मैदा वाढवताना आपण कुठून निघालो होतो हे माहीत असलेले बरे. पावाच्या कृतींत मैद्याचे वजन 100 धरून बाकी सगळ्यांचे टक्के लिहून ठेवण्याची बेकरीतली रीतही इथे सोयीची आहे, कारण मग कृती कितीही पटींनी करायची असली तरी गणित एकाच गुणाकारात होते.

अंड्याचा प्रश्न वजनाने खरोखरच सुटतो. कवच काढलेले मोठे अंडे साधारण 50 ग्रॅमांचे असते. त्यात पांढरा भाग 30 ते 33 ग्रॅम आणि उरलेला पिवळा असतो. अर्धी कृती करताना अंडे वाटीत फोडून, पांढरे-पिवळे पूर्ण एकजीव होईपर्यंत फेटावे आणि त्यातले 25 ग्रॅम काट्यावर मोजून घ्यावे. अंडी लहान असतील तर कृतीत तीन अंडी म्हटली आहेत म्हणून तीनच फोडण्याऐवजी 150 ग्रॅम होईपर्यंत फोडावीत, आणि उरलेले अर्धे अंडे वरून लावण्यासाठी बाजूला ठेवावे.